तोलेदोत चर्च कुठलं, मशीद कुठली आणि सिनेगॉग कुठलं?

स्पेनमधल्या तोलेदो गावात एल त्रान्सितो नावाच्या इमारतीच्या दालनात उभं राहून मान वर केली की पहिली पाच मिनिटं काही कळतच नाही. भिंतीच्या वरच्या पट्ट्यात हिब्रू अक्षरं, म्हणजे बायबलातली स्तोत्रं, त्याच नक्षीत मधेमधे घुसलेली अरबी अक्षरं, बाजूला किल्ला आणि सिंह असलेलं कॅस्टीलच्या ख्रिश्चन राजाचं चिन्ह, आणि डोक्यावर लाकडी छत असं की ग्रानादाच्या कुठल्यातरी सुलतानाच्या महालातून उचलून आणलंय. हे बांधलं एका ज्यू खजिनदाराने, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ म्हणून. नंतर त्याचं चर्च झालं. आजचं नाव पडलं ते तिथे लावलेल्या मेरीमातेच्या एका चित्रावरून. मग सैनिकांची बराक झाली आणि आता सरकारी म्युझियम आहे. आता सांगा, ही इमारत कोणाची?

तोलेदोला जाणारे बहुतेक लोक माद्रिदहून सकाळी येतात, अर्ध्या-पाऊण तासाचा ट्रेनचा प्रवास आहे, दिवसभर चढउताराच्या गल्ल्यांतून तंगडतोड करतात, पाचसहा इमारती 'करतात' आणि संध्याकाळी फोटो बघताना कुठली कमान मशिदीतली आणि कुठली चर्चमधली हे त्यांनाच आठवत नाही. त्यांचा दोष नाही त्यात. आपल्या डोक्यात एक सोपं समीकरण असतं की घोड्याच्या नालासारखी कमान म्हणजे मुसलमान, टोकदार कमान म्हणजे ख्रिश्चन, आणि हिब्रू दिसलं की ज्यू. ते समीकरण या गावात पहिल्या तासाभरातच मोडतं. म्हणून प्रत्येक इमारतीसमोर तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या: पैसे कोणी दिले, हात कोणाचे लागले, आणि नंतर ताबा कोणाकडे गेला. तिन्हीची उत्तरं एकच येतील असं अजिबात धरून चालायचं नाही.

त्याआधी थोडा इतिहास, पटकन.

ताहो नदीने तिन्ही बाजूंनी वेढा घातलेल्या खडकावर हे गाव वसलंय, त्यामुळे राजधानी करायला फारच सोयीचं. रोमन गेल्यावर व्हिसिगॉथ नावाच्या लोकांनी इथे राजधानी केली. ५८९ साली इथेच भरलेल्या धर्मसभेत त्यांच्या रेकारेद राजाने आपला जुना एरियन पंथ (ख्रिश्चनांमधलाच एक वेगळा पंथ) सोडून कॅथलिक झाल्याचं जाहीर केलं. मग ७११च्या सुमारास मुसलमान फौजा आल्या आणि जवळपास पावणेचारशे वर्षं इथे मुसलमान राज्य होतं, आधी दक्षिणेतल्या कोर्दोबाच्या हाताखाली, ते मोडल्यावर स्वतंत्र. २५ मे १०८५ला कॅस्टीलचा राजा आल्फोन्सो सहावा शहरात शिरला, तेही मोठी कत्तल न होता, बोलणी करून, अटी घालून. आणि इथेच खरी गंमत सुरू होते, कारण राजा बदलला पण गाव तेच राहिलं. मुसलमान बरेचसे राहिले, ज्यू राहिले, आणि जे ख्रिश्चन आधीपासून इथे होते ते तर इतकी वर्षं अरबीच बोलत होते. त्यांना मोझाराब म्हणतात. राज्य ख्रिश्चन झाल्यावरसुद्धा पुढची दोनएकशे वर्षं त्यांची जमीनजुमल्याची कागदपत्रं अरबीतच लिहिली जात होती.

ख्रिश्चन राजाच्या राज्यात मागे राहिलेल्या मुसलमानांना मुदेहार म्हणतात आणि त्यांच्या हाताच्या वळणाने झालेल्या बांधकामालाही मुदेहारच म्हणतात. पण या शैलीचं काम करणारा प्रत्येक गवंडी मुसलमानच होता असं समजू नका, काही पिढ्यांनी ती सगळ्या गावाचीच पद्धत झाली. गावात हातखंडा गवंडी एकच असला तर पाटलाचा वाडाही तोच बांधणार, देऊळही तोच आणि मशिदीचा मनोराही तोच, तसंच हे. वर खर्चाचाही हिशोब होता. इथली पद्धत म्हणजे विटांचे थर, मधे ओबडधोबड दगडांची भर, आत जिप्समच्या गिलाव्यात कोरलेली नक्षी आणि वर लाकडी छत. मोठमोठे दगड तासून रचण्यापेक्षा हे स्वस्त पडायचं, लवकर व्हायचं, आणि करणारी माणसं दाराशी होती. म्हणून तोलेदोतल्या कितीतरी चर्चचे मनोरे लांबून मशिदीचे वाटतात.

आता एक उलटा धक्का. नालाच्या आकाराची ती कमान, जी बघितली की आपण लगेच "अरब!" म्हणतो, ती स्पेनमध्ये अरब यायच्या आधीपासून होती. व्हिसिगॉथांनी ७व्या शतकात बांधलेल्या चर्चमध्ये ती आहे, पालेन्सियाजवळचं सान हुआन दे बान्योस हे ६६१ सालचं चर्च आजही उभं आहे, बघून घ्या. मुसलमान कारागिरांनी ती उचलली, जास्त वळवली, लाल-पांढरी केली आणि इतकी सुंदर केली की ती त्यांच्याच नावावर लागली.

आता इमारतींकडे. सुरुवात करा क्रिस्तो दे ला लूसपासून, कारण ती सगळ्यात जुनी आणि सगळ्यात छोटी. बाहेरून बघून लोक पुढे निघून जातात, जेमतेम आठ मीटर बाय आठ मीटरचा चौकोन आहे. ही मूळची मशीद, शहराच्या बाब अल-मर्दूम नावाच्या वेशीजवळची. दर्शनी भिंतीवर सगळ्यात वर नीट बघा. विटाच अशा मागेपुढे लावल्यात की त्यातून अरबी अक्षरं तयार होतात. रंग नाही, कोरीव दगड नाही, नुसत्या विटा. त्यात लिहिलंय की अहमद इब्न हदीदी याने स्वतःच्या पैशाने ही मशीद बांधली, कामावर कोण होते त्यांचीही नावं आहेत आणि हिजरी सन ३९० आहे, म्हणजे आपलं इ.स. ९९९ संपता संपता. हजार वर्षांपूर्वीच्या इमारतीवर देणगीदार आणि कारागीर दोघांची नावं मिळणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. आपल्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं इथे भिंतच देते.

आत गेलात की चार खांब. त्यांच्यामुळे त्या चौकोनाचे नऊ भाग पडतात, आणि प्रत्येक भागावर वेगळा छोटा घुमट. नऊच्या नऊ वेगळे! पट्ट्या एकमेकींना छेदून कुठे चांदणी होते, कुठे चौकटीत चौकट, कुठे नुसती जाळी. कल्पना कोर्दोबाच्या मोठ्या मशिदीतली, तिथे १०व्या शतकात खलिफाने केलेल्या वाढीव बांधकामात असे घुमट आहेत, पण इथे त्या सगळ्या एका खोलीएवढ्या जागेत भरल्यात, नमुन्याची वहीच उघडून ठेवल्यासारख्या. आणि ते चार खांब, त्यांची डोकी कुठून आली माहितेय? व्हिसिगॉथांच्या जुन्या इमारतींमधून काढून आणलेली. चारही एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणजे मशिदीचं छत ख्रिश्चनांच्या जुन्या खांबांवर.

मग १२व्या शतकात ही जागा सेंट जॉनच्या लढवय्या साधूंच्या संघाला मिळाली आणि त्यांनी मागच्या बाजूला चर्चला लागतो तो अर्धगोल गाभारा जोडला. आता मजा बघा, तो जोडताना त्यांनीही त्याच विटा, त्याच आंधळ्या (म्हणजे भिंतीवर नुसता आकार, आरपार उघड्या नसलेल्या) कमानींच्या रांगा वापरल्या. बाहेरून बघताना मशीद कुठे संपली आणि चर्च कुठे सुरू झालं हे कळायला जरा वेळ लागतो, आणि मला विचाराल तर अख्ख्या तोलेदोत सगळ्यात जास्त वेळ थांबावं असा सांधा तोच आहे. आख्यायिका अशी की आल्फोन्सो राजा शहरात शिरताना त्याचा घोडा इथेच गुडघ्यावर बसला, उठेना, शेवटी भिंत फोडली तर आत ख्रिस्ताची मूर्ती आणि समोर शेकडो वर्षं तेवणारा दिवा. म्हणून नाव 'प्रकाशाचा ख्रिस्त'. घोडा बसला ती जागा म्हणून रस्त्यात एक पांढरा दगडही दाखवतात. खरंखोटं सोडा, पण असल्या गोष्टीचा उपयोग कळतो ना? जागा 'घेतली' असं म्हणायला नको, 'ती आधीपासून आमचीच होती' असं म्हणता येतं.

गावाच्या पश्चिमेला ज्यू वस्ती होती. एके काळी तोलेदोत बरीच सिनेगॉग होती, आज नीट उभी दोन. पहिलं सांता मारिया ला ब्लांका. सिनेगॉगचं नाव 'पांढरी सेंट मेरी' असलेली ही जगातली एखादीच इमारत असेल. १२वं शतक संपता संपता किंवा १३व्याच्या सुरुवातीला बांधलेलं, म्हणजे राज्य ख्रिश्चन, पैसे ज्यूंचे, आणि आत शिरलात तर शपथेवर सांगाल की ही मशीद आहे. पाच लांब रांगा, अष्टकोनी जाडजूड खांब, त्यावर नालाच्या आकाराच्या कमानी, सगळं पांढरंशुभ्र. त्या काळी मोरोक्को आणि दक्षिण स्पेनमध्ये अल्मोहाद घराण्याचं राज्य होतं आणि त्यांच्या मशिदी अशाच साध्या, पांढऱ्या असायच्या. गंमत म्हणजे हेच अल्मोहाद धर्माच्या बाबतीत इतके कडक की त्यांच्या राज्यातून ज्यू पळून तोलेदोला येत होते. आणि ज्यांच्या जाचाला कंटाळून आले त्यांच्याच धाटणीत सिनेगॉग बांधलं, कारण सुंदर इमारत म्हणजे अशी, हे सगळ्यांनाच पटलेलं होतं. खांबांच्या डोक्यांवर गिलाव्यातली पाइनची फळं कोरलीत ती जवळ जाऊन बघा, लांबून नुसता पांढरा ठोकळा दिसतो.

१५व्या शतकाच्या सुरुवातीला ते चर्च झालं. पुढे कधी स्त्रियांचा आश्रम, कधी बराक, कधी कोठार. आज मालकी कॅथलिक चर्चची आहे, तिकीट तेच घेतात.

दुसरं म्हणजे एल त्रान्सितो. बांधणारा सामुएल हा-लेवी, राजा पेद्रोचा खजिनदार, साल १३५७च्या आसपास. हा काळ लक्षात घ्या. नवीन सिनेगॉग बांधायला चर्चच्या कायद्याने आडकाठी होती, मोठं आणि भपकेबाज तर नाहीच. पण राजाचा आपल्या सावत्र भावाशी, एनरिकेशी सत्तेचा झगडा चालू होता, १३५५मध्ये एनरिकेच्या माणसांनी तोलेदोत ज्यूंवर हल्लाही केला होता, आणि ज्यू राजाच्या बाजूने होते. म्हणून परवानगी मिळाली. भिंतीवर राजचिन्ह आहे ते शोभेसाठी नाही, ती त्या परवानगीची जाहीर पावती आहे. पूर्वेच्या भिंतीवर, जिथे तोरा म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ ठेवायचा कोनाडा आहे तिथल्या हिब्रू लेखात देवाची स्तुती आहे, राजाची आहे आणि सामुएलचीही आहे. बाजूला वर स्त्रियांसाठी सज्जा आहे, तिथूनही नक्षी बघून घ्या, जास्त जवळून दिसते.

अरबी अक्षरं ज्यूंच्या प्रार्थनास्थळात कशी, असा प्रश्न पडणारच. अरबी ही इथल्या ज्यूंची शतकानुशतकं शास्त्राची, वैद्यकाची, व्यवहाराची भाषा होती. आणि ही नक्षी त्या वेळची टॉपची फॅशन होती. याच पेद्रो राजाने सेव्हियामध्ये स्वतःचा महाल बांधला तोही याच धाटणीत, तिथल्या मुख्य दालनाचे लाकडी दरवाजे तोलेदोच्या सुतारांनी केलेत आणि त्यावर १३६६ साल अरबीत आहे. म्हणजे ख्रिश्चन राजा आणि त्याचा ज्यू खजिनदार, दोघांची आवड एकच. सामुएलचं पुढे वाईट झालं. राजाचीच मर्जी फिरली, पकडलं, छळ केला, १३६०च्या सुमारास तो मेला. राजालाही १३६९मध्ये त्या सावत्र भावाने मारलं. सिनेगॉग राहिलं.

आता कॅथेड्रल. इथे अर्धा दिवस जातो, घाई करू नका. पाया १२२६ला, काम संपलं १४९३ला. पाच भाग असलेलं, सुमारे १२० मीटर लांब, फ्रेंच गॉथिक वळणाचं. आता म्हणाल, इथे तरी सरळ उत्तर मिळेल. तर नाही. एक तर ही जागा शहराच्या मुख्य मशिदीची. आल्फोन्सोने शहर घेताना मुसलमानांना शब्द दिला होता की मशीद तुमच्याकडेच राहील. राजा बाहेरगावी गेल्याची संधी साधून राणी कोन्स्तान्सा आणि फ्रान्सहून आलेला आर्चबिशप बेर्नार्द यांनी ती ताब्यात घेतली. परंपरेने सांगतात की राजा भयंकर चिडून परतला, दोघांना शिक्षाच करणार होता, तेव्हा मुसलमानांचा एक धर्मपंडित, अबू वलीद, मधे पडला आणि म्हणाला जाऊ द्या, पुढे आमच्यावरच राग निघेल. कॅथेड्रलच्या मुख्य गाभाऱ्यात एका खांबावर त्या मुसलमान पंडिताचा पुतळा आहे! आणि समोरच्या खांबावर एक मेंढपाळ, ज्याने १२१२च्या लढाईत ख्रिश्चन सैन्याला अल्मोहादांच्या पाठीमागे जायची वाट दाखवली असं मानतात. एका खांबावर मशीद सोडून देणारा, दुसऱ्यावर मुसलमान फौज हरवायला मदत करणारा. ही जोडी ज्याने ठरवली त्याला काय म्हणायचं होतं ते स्पष्ट आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे गाभाऱ्यामागच्या फेरीच्या वाटेवर मान वर करून बघा, वरच्या छोट्या कमानींच्या रांगेत पाकळ्यापाकळ्यांच्या, एकमेकींत गुंतलेल्या कमानी आहेत. फ्रान्समध्ये असलं काही दिसायचं नाही. आराखडा तिकडचा, पण गाव तोलेदो, सवय सुटत नाही.

त्याच वाटेवर 'त्रान्स्पारेन्ते' आहे. गाभाऱ्याच्या मागचा भाग अंधारा राहायचा म्हणून नार्सिसो तोमेने १८व्या शतकात सरळ गॉथिक छताला भोक पाडलं, आणि त्या उजेडात संगमरवरी ढग, देवदूत, सोन्याचे किरण, सगळा सिनेमाच उभा केला. १७३२ला पूर्ण झालं. काहींना हे अती वाटतं, मलाही जरा वाटतं, पण सकाळच्या उन्हात बघितलं तर त्याने पैज जिंकली हे मान्य करावं लागतं. आणि मोझाराब चॅपल विसरू नका. रोमने सगळीकडे एकच उपासनापद्धत लावली तरी तोलेदोच्या त्या अरबी बोलणाऱ्या ख्रिश्चनांनी आपली व्हिसिगॉथ काळापासूनची पद्धत सोडली नाही, कार्डिनल सिस्नेरोसने १५००च्या आसपास तिची पुस्तकं छापून घेतली, चॅपल दिलं, आणि त्या पद्धतीची मास म्हणजे सामूहिक प्रार्थना आजही तिथे होते.

सान हुआन दे लोस रेयेस हा मठ ज्यू वस्तीला खेटूनच आहे, आणि त्याची जागा बघूनच जरा बोचतं. राणी इसाबेल आणि राजा फर्नांदो यांनी तोरोच्या लढाईतल्या विजयासाठी १४७७च्या सुमारास बांधायला घेतला, आर्किटेक्ट हुआन ग्वास. बाहेरच्या भिंतीवर लोखंडी साखळ्या लटकतायत. ग्रानादाच्या मुसलमान राज्यातून सोडवलेल्या ख्रिश्चन कैद्यांच्या बेड्या त्या. पाचशे वर्षांहून जास्त काळ तिथेच, उन्हापावसात. दोघांना इथेच पुरायचं ठरलं होतं, पण १४९२ला ग्रानादा जिंकल्यावर बेत बदलला, आता ते तिकडे आहेत. त्याच १४९२मध्ये याच दोघांनी स्पेनमधल्या ज्यूंना एकतर ख्रिश्चन व्हा नाहीतर निघा असा हुकूम काढला. एल त्रान्सितो मठापासून चालत पाच मिनिटांवर आहे. आणि मठाच्या वरच्या मजल्यावरच्या ओसरीत छत बघा, मुदेहार पद्धतीचं लाकडी. हुकूम काढणाऱ्यांनाही छत मात्र तेच हवं होतं.

म्हणून ते 'तीन संस्कृतींचं शहर' असं जे ब्रोशरवर छापतात ना, ते थोडं जपून वाचा. एकत्र राहणं खरं होतं, देवाणघेवाण खरी होती, इथे अरबीतून लॅटिनमध्ये झालेल्या भाषांतरांवर युरोपचं गणित आणि खगोलशास्त्र उभं राहिलं, क्रेमोनाच्या जेरार्डने प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीच्या मोठ्या ग्रंथाचं भाषांतर ११७५ला इथेच पुरं केलं. पण १३९१मध्ये ज्यूंची कत्तल झाली तीही इथे. १४४९मध्ये तोलेदोतल्या बंडखोरांनी ठराव केला की ज्यूंमधून ख्रिश्चन झालेल्यांना शहरातली अधिकाराची पदं मिळणार नाहीत, कारण रक्त शुद्ध नाही. म्हणजे धर्म बदलूनही सुटका नाही. १५४७ला तसाच नियम खुद्द कॅथेड्रलने आपल्या पदांसाठी केला. कमानी उसन्या घेता येतात, शेजाऱ्याला शेजारी ठेवायचं की नाही हा वेगळाच विषय.

जाता जाता, १४९२च्या हुकुमाने निघालेले ते ज्यू उत्तर आफ्रिका, तुर्कस्तान असे पांगले, काही कोचीपर्यंत पोचले. आणि आपल्या अलिबागकडच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलींना पुढे कोचीच्या ज्यूंकडून शिक्षक मिळाले, त्यामुळे त्यांच्या प्रार्थनेची पद्धतही सेफार्दी, म्हणजे स्पेनच्या ज्यूंच्याच वळणाची आहे.

सांतो तोमे चर्चमध्ये लोक एकाच गोष्टीसाठी जातात, एल ग्रेको या चित्रकाराचं ओर्गासच्या सरदाराच्या दफनाचं चित्र, १५८६ ते ८८. जा, पण आत शिरण्याआधी बाहेर थांबून मनोरा बघा, मुदेहार विटांचा अस्सल नमुना. चित्रात खाली डावीकडे जो मुलगा आपल्याकडे बघतोय तो एल ग्रेकोचाच पोरगा, त्याच्या खिशातल्या रुमालावर बापाची सही आणि पोराच्या जन्माचं साल १५७८. हाच मोठा झाल्यावर आर्किटेक्ट झाला, कॅथेड्रलच्या दर्शनी बाजूला मनोऱ्याऐवजी जो घुमट दिसतो तो त्याच्या आराखड्याचा. गर्दी नको असेल तर सान रोमानला जा, १२२१चं चर्च, आता व्हिसिगॉथ वस्तूंचं म्युझियम. भिंतीवर ख्रिश्चन संतांची चित्रं आणि खिडक्यांच्या कडेने अरबी अक्षरांची नक्षी, तीही ज्या आर्चबिशपने अल्मोहादांविरुद्ध युद्धाचा प्रचार केला त्यानेच पावन केलेल्या चर्चमध्ये.

आता कामाचं. 'पुल्सेरा' नावाचा मनगटी पट्टा मिळतो, त्यात सात जागा येतात: क्रिस्तो दे ला लूस, सांता मारिया ला ब्लांका, सान हुआन दे लोस रेयेस, सांतो तोमे, आणखी तीन. त्या तीनपैकी एल साल्व्हादोर चुकवू नका, मशिदीच्या कमानींची रांग आतच उभी आहे आणि तिच्यात व्हिसिगॉथांचा एक कोरीव खांबही आहे, आणि जेसुइटांच्या चर्चच्या मनोऱ्यावर चढलात तर अख्खं गाव दिसतं. कॅथेड्रल त्या पट्ट्यात नाही, वेगळं तिकीट. एल त्रान्सितोही वेगळं, सोमवारी बंद, शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी फुकट. माझा क्रम विचाराल तर सकाळी उघडताच क्रिस्तो दे ला लूस, मग कॅथेड्रल, जेवण, आणि दुपारी पश्चिमेच्या उतारावरची दोन्ही सिनेगॉग आणि मठ, कारण साखळ्यांच्या भिंतीवर तेव्हा ऊन असतं. उन्हाळ्यात पाण्याची बाटली हवीच, आणि गल्ल्यांतले गोटे पावसात फार घसरडे होतात, गुळगुळीत तळव्याच्या चपला घालून जाऊ नका.